पुण्यात नव्याने आलात आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे? बाहेर पडायला अशी सुरुवात करा

आम्ही सोलापूरहून पुण्यात आलो तेव्हा लेक सोळा महिन्यांची होती. सामान लागलं, गॅस जोडला आणि पहिल्याच रविवारी तिला घेऊन पुणं बघायला निघालो. सकाळी शनिवारवाडा, मग तुळशीबाग, बाहेरच जेवण, संध्याकाळी सारसबाग असा बेत होता. तुळशीबागेच्या गर्दीत साडेबाराच्या सुमाराला तिने जे रडणं सुरू केलं, ते घरी येऊन झोप लागेपर्यंत थांबलं नाही. परतताना रिक्षात मीही रडले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. झोपेची वेळ टळली होती, ऊन लागलं होतं आणि सकाळपासून ती सतत कुणाच्या तरी कडेवर होती. तीन तासांत तिचे पाय धड जमिनीला लागले नव्हते.

त्यानंतर आम्ही रविवारचा बेत आखणं सोडलं. आधी घराजवळचं, मग एका वाहनाच्या अंतरावरचं, मग पेठा, मग कात्रज, असं तिच्या ताकदीने वर्तुळ वाढवत नेलं. आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं आणि त्यांच्याकडे लहान मूल असलं की मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. एक ते तीन वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पहिली पायरी: आधी झोप ठरवा, मग ठिकाण

पहिला आठवडा कुठेही लांब जाऊ नका. मूल किती वाजता उठतं, किती वाजता पेंगुळतं, भूक कधी लागते एवढंच बघा. गाव बदललं की लहान मुलांची झोप बदलते. आमची लेक सोलापुरात अकराला झोपायची, पुण्यात आल्यावर तीच झोप एक वाजेपर्यंत सरकली. हे कळायला आम्हाला दहा दिवस लागले.

या बाबतीत पुणं लहान मुलांच्या सोयीचं शहर आहे. महापालिकेच्या बऱ्याच बागा पहाटे उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या आसपास पुन्हा उघडतात. पेठांमधली जुनी दुकानंही दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा याचा त्रास होतो. पण मुलाची झोपही त्याच वेळात बसते. सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते सात हे दोन तुकडे आपले धरा. मधला वेळ घरी.

ऋतूप्रमाणे यात थोडा फरक करावा लागतो. मार्च ते मे दहाच्या आत घरी परत. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं तर बाग टाळा. वळिवाच्या वादळात पुण्यातल्या जुन्या झाडांच्या फांद्या पडतात, झाडंही उन्मळतात, आणि बागेत आडोसा म्हणून माणूस नेमका झाडाखालीच जातो. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा कोवळं ऊन अंगणात आल्याशिवाय निघू नका. पावसाळ्यात पुण्याचा पाऊस बहुतेक दिवस भुरभुरता असतो, त्यात मुलाला न्यायला हरकत नाही. पण बाहीचा सदरा आणि पूर्ण पायजमा घाला. त्या दिवसांत डेंग्यूचे डास असतात आणि ते दिवसा चावतात.

पिशवी एकदाच भरा आणि दाराजवळ टांगून ठेवा

दर वेळी नव्याने भरायला गेलं की काहीतरी राहतंच. आमच्या पिशवीत तीन डायपर, कपड्यांचा एक पूर्ण जोड, ओले रुमाल, घाण कपड्यांसाठी दोन प्लास्टिकच्या पिशव्या, ओआरएसची पुडी आणि जुन्या सुती साडीचा मोठा तुकडा कायम असतो. हा साडीचा तुकडा माझ्या सासूबाईंनी दिला. "अगं, एवढं एक ठेव, बाकी काही विसरलीस तरी चालेल," म्हणाल्या. तो अंथरायला होतो, उन्हात डोक्यावर धरता येतो, दूध पाजताना आडोसा होतो आणि गाडीत झोपलेल्या मुलावर पांघरता येतो. लसीकरण कार्डाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. गाव बदलण्याच्या धावपळीत राहतात ते नेमके हेच. महापालिकेच्या दवाखान्यांत हे डोस मोफत मिळतात, जुनं कार्ड दाखवलं की पुढचं तिथेच सुरू होतं.

खाण्याचं निघायच्या आधी भरा. बाहेर पडण्याआधी मूल घरी जेवलेलं असावं: मेतकूट-भात, मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, जे रुचेल ते. बरोबर केळं, तुपात मऊ केलेल्या पोळीचा कुस्करा, दही-भाताचा छोटा डबा पुरतो.

आता घशात अडकणाऱ्या गोष्टींबद्दल. याकडे खरोखर नीट लक्ष द्या, कारण बागेच्या दारात नेमकं हेच विकायला असतं. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, पॉपकॉर्न, कणसाचे अख्खे दाणे, बिया असलेली बोरं. शेजारच्या बाकावरच्या आजी प्रेमाने मुलाच्या हातात दोन शेंगदाणे ठेवतात, तेव्हा ते नम्रपणे पण लगेच काढून घ्या. "आजी, तिला अजून चावता येत नाही हो, मी कूट करून देते," एवढं म्हटलं की कुणी वाईट मानत नाही. जानेवारीपासून पुण्यात द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. द्राक्ष अख्खं द्यायचं नाही, आडवं कापूनही नाही. उभे चार काप करायचे. आणि मूल पळत असताना तोंडात घास नको, बसवून खायला द्या.

एवढं करूनही अडकलंच, आणि मुलाला खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर एक वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार ठोके द्यायचे. तेवढ्याने निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वरच्या दिशेने पाच वेळा दाबायचं, आणि निघेपर्यंत हेच आलटून पालटून. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. पुढच्या लसीच्या वेळी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना हे करून दाखवायला सांगा. आम्हाला डॉक्टरांनी एका बाहुलीवर दाखवलं. वाचून हात बसत नाही.

दुसरी पायरी: चालत जाता येईल अशी एक बाग, महिनाभर तीच

नव्या गावात आपल्याला रोज नवं काही बघावंसं वाटतं. दीड वर्षाच्या मुलाला मात्र रोज तेच हवं असतं: तोच झोका, तोच कुत्रा, पाण्याच्या नळाशी तोच चिखल. पुण्यात जवळपास प्रत्येक भागात महापालिकेची एखादी बाग सापडते. तिथे रोज एकाच वेळी जा. सकाळी गेलात तर हास्यक्लबची मंडळी भेटतील. गोलात उभे राहून हात वर करून सगळे एकदम हसतात. आमची लेक पहिल्या दिवशी घाबरून माझ्या पायांना चिकटली. आठव्या दिवशी स्वतःच हात वर करून गोलात जाऊन उभी राहिली आणि तिथल्या एका आजोबांनी तिला "या, या बाईसाहेब" म्हणून जागा करून दिली. पुण्यात आमची पहिली ओळख या गोलातच झाली. चांगला बालरोगतज्ज्ञ, मायेने सांभाळणारं पाळणाघर, घरपोच भाजी देणारी बाई, हे सगळं मला त्या आजोबांकडून आणि त्यांच्या मंडळींकडून कळलं.

बागेत पोचल्यावर आधी घसरगुंडीला स्वतःचा हात लावून बघा. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच पत्रा चटका देतो. झोक्याच्या साखळीत बोट अडकणार नाही ना, खाली काच नाही ना, हेही बघा. मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. मोठ्या माणसाच्या वजनाने वेग वाढतो आणि मुलाचा पाय कडेला अडकून पिरगळतो. मला वाटायचं की एकटीला सोडण्यापेक्षा मांडीवर घेणं सुरक्षित, पण तसं नाही.

बाबागाडीचं काय, हे सगळे विचारतात. बागेच्या आत आणि मॉलमध्ये ती चालते. रस्त्यावर चालवायला गेलात तर पदपथ मध्येच संपतो, पुढे दुचाकी लावलेल्या असतात, नाहीतर एक फूट उंच पायरी येते. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ मात्र वेगळा आहे. रुंद, झाडांखालचा, मध्ये बसायला बाक. तिथे बाबागाडी सुखाने नेता येते आणि मूल उतरून चालूही शकतं. बाकी सगळीकडे अंगाला बांधायची पट्ट्यांची झोळी घ्या. ती घेताना बघा की मुलाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळतो आणि तोंड कापडात दबत नाही.

तिसरी पायरी: वाहन

पुण्यात दुचाकीशिवाय घर चालत नाही. स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल, मागे आई, तिच्या मांडीवर पिशवी, हे दृश्य प्रत्येक सिग्नलला दिसतं. मी कळकळीने सांगते, पुढे उभं करू नका. ब्रेक दाबल्यावर मुलाचं तोंड थेट हँडलवर आपटतं आणि त्याला वाचवायला आपले दोन्ही हात मोकळे नसतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा नियमही आहे, फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला: मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा पट्टा जाकिटासारखा असतो, मुलाच्या अंगात घालून त्याच्या पट्ट्या आपल्या खांद्यांवरून घ्यायच्या. लहान हेल्मेट पहिल्या दिवशी मूल काढून फेकेल. आम्ही आठवडाभर ते घरात खेळायला दिलं, बाहुलीला घातलं, बाबांनी स्वतःचं घातलं, मग तिने घातलं. तरीही लांबच्या अंतराला दुचाकी नको. मूल झोपलं की मान लटकते आणि ते आपल्याला दिसत नाही.

रिक्षात मुलाला दाराच्या बाजूला बसवू नका, मध्ये घ्या आणि एक हात त्याच्या पोटाभोवती ठेवा. चारचाकी असेल तर मागच्या सीटवर मुलाची वेगळी खुर्ची बसवा. पुढच्या सीटवर मांडीत घेतलेलं मूल अपघातात सर्वात आधी आदळतं.

आणि आता मेट्रो. लहान मूल असलेल्या घराला पुण्यात सगळ्यात जास्त सुख मेट्रोने दिलं आहे असं माझं मत आहे. पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचला. वनाज ते रामवाडी हा एक मार्ग, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा दुसरा, आणि दोन्ही शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. पहिल्यांदा कुठे उतरायचंच नाही असं ठरवून जा. मेट्रोत बसणं हीच त्या दिवसाची सहल. वनाजहून निघालात तर डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या पात्राच्या कडेने जाते, खाली नदी, बगळे आणि पूल दिसतात. जिल्हा न्यायालयाला उतरून भुयारी फलाटावर गेलात तर जमिनीखाली सुमारे ३३ मीटर उतरता. मुलांना तिथल्या सरकत्या जिन्यांचं फार अप्रूप असतं. तरी लहान मुलाबरोबर लिफ्टच वापरा. सरकत्या जिन्यात मऊ रबरी चपला, साडीचा पदर आणि ओढणी अडकते. साधा दिवस, सकाळी अकरा ते साडेबारा, ही वेळ मला सगळ्यात निवांत वाटते, कारण ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. मधला वेळ घरी, या नियमाला हा एक अपवाद, तोही उन्हाळा सोडून. गाडी येताना मुलाचा हात धरून पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहा आणि दार बंद व्हायचा आवाज येऊ लागला की आत शिरायची घाई करू नका, पुढची गाडी घ्या.

चौथी पायरी: एका वेळी एकच ठिकाण

आता ठिकाणं. सगळी देत नाही, आमच्या पायाखालून गेलेली देते.

सारसबागेपासून सुरुवात करा. तळ्यातल्या गणपतीचं मंदिर १७८४ सालचं, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळातलं. मोकळी हिरवळ, मासे, कासवं आणि भरपूर पळायला जागा. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि टोपी घालतात. डिसेंबरात मुलाला नक्की न्या. आमच्या लेकीने बाप्पाला स्वेटर बघितला आणि त्या हिवाळ्यात तिला स्वतःचा स्वेटर घालायला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. चतुर्थीला आणि रविवारी संध्याकाळी मात्र टाळा, मूल गर्दीत नुसते पाय बघत फिरतं.

शेजारीच पेशवे उद्यान. आजचे आजी-आजोबा लहानपणी इथेच प्राणी बघायला यायचे, पुढे ते प्राणी कात्रजला हलवले. फुलराणी ही छोटी आगगाडी मात्र इथलीच, १९५६ साली सुरू झालेली. माझे सासरे पाच वर्षांचे असताना तिच्यात बसले होते. नातीला मांडीवर घेऊन बसले तेव्हा बोगद्यातून बाहेर येताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एक खबरदारी घ्या, घरून निघताना "आपण गाडीत बसणार" असं कबूल करू नका. दुरुस्तीसाठी गाडी बंद असली की दोन वर्षांच्या मुलाला ते समजावता येत नाही. फुलराणी उभी दिसली की मग सांगा. सारसबाग आणि पेशवे उद्यान एकाच दिवशी करायचा मोह होतो. दोन वर्षांच्या आत तो टाळा.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आमच्या घराजवळचं. पुणे आणि जपानमधलं ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पाण्याचे ओघळ, छोटे पूल, मोठे रंगीत मासे. फार सुंदर. पण पाण्याला कठडा नाही आणि काठ उतरता आहे, म्हणून इथे दोन मोठी माणसं बरोबर असावीत आणि एकाने फक्त मुलाकडेच बघावं. खेळणी, चेंडू, खाणं आत चालत नाही. झोका हवा असलेल्या मुलाला इथे नेऊ नका. पाण्याकडे टक लावून बसणाऱ्या मुलाला न्या.

एम्प्रेस गार्डन मला याच्याही पेक्षा आवडतं. रेसकोर्सजवळची ही सुमारे ३९ एकरांची जुनी बाग, प्रचंड झाडं आणि त्यांच्या पायाशी मोकळी माती. मुलाला पानं गोळा करायला एक छोटी पिशवी द्या आणि आपण त्याच्या मागे चाला. तासाभरात आम्ही पन्नास पावलंही पुढे गेलो नव्हतो, आणि लेकीचा तो सर्वात आनंदाचा दिवस होता. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला इथे पुष्पप्रदर्शन भरतं. फुलं अप्रतिम असतात, गर्दीही तशीच असते. उघडल्या उघडल्या जा.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. पसारा १३० एकरांचा आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल तो चालू शकत नाही आणि त्याला उचलून आपणही नाही. दोन-तीन प्राणी ठरवा. आम्ही पहिल्या वेळी वाघ आणि कासव एवढेच बघितले. आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, जाताना चालत आणि येताना गाडीने असं करा, उलटं करू नका, कारण दमलेलं मूल परतीलाच असतं. दार उघडायच्या वेळेला पोचलात तर प्राणी हालचाल करताना दिसतात. दुपारी सगळे सावलीत निजलेले. आणि वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून मूल खाली मुंग्यांची रांग बघत बसलं तर बघू द्या. तिकीट वसूल व्हावं म्हणून त्याची मान वाघाकडे वळवू नका.

पावसाचे दिवस असतील तर कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं, १९९८ साली खुलं झालेलं. एक अख्खं छोटं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. खेळाच्या मध्ये रात्र दाखवायला दिवे मालवतात, तेव्हा मुलाला कडेवर घ्या आणि "आता रात्र होणार" असं आधी सांगा. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालयही पावसाळ्यात बरं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव, राजा, या संग्रहाला दिलं. मूल कडेवर असताना ते वाचलं की पाय थोडा वेळ तिथेच थांबतात. मुलाला दिवे, बाहुल्या, खेळणी दाखवा. तीन मजले पूर्ण करायचा आग्रह नको, पाऊण तासात बाहेर या.

मॉलमधल्या मऊ खेळघरांबद्दल एवढंच सांगते: मोजे बरोबर न्या, आल्यावर हात धुवा, आणि हातापायाला-तोंडाला फोड येण्याची साथ असेल तेव्हा जाऊ नका. मोठ्या मॉलमध्ये डायपर बदलायला वेगळी खोली असते, भर उन्हाळ्यात तेवढ्यासाठीही तिथे जावंसं वाटतं.

पाचवी पायरी: पेठा

शनिवारवाडा सकाळी लवकर. १७३२ सालचा हा वाडा आतून आता जोती आणि हिरवळ एवढाच उरला आहे, म्हणून मुलाला पळायला छान. पण सावली नाही, आणि दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याच्या पायऱ्या उंच आहेत. वर एकट्या मोठ्या माणसाने जाऊन यावं.

तुळशीबागेत सकाळी दुकानं उघडताना जा आणि मुलाला पोटाशी बांधून न्या. भातुकलीची पितळी, लाकडी, स्टीलची भांडी इथे मिळतात तशी दुसरीकडे नाहीत. चालायला शिकणाऱ्या मुलासाठी लाकडी पांगुळगाडा घ्या. ज्यात मुलाला बसवतात तो चाकांचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका, डॉक्टर त्याला ठाम नकार देतात. मूल त्यात जिन्यापर्यंत कधी पोचलं ते कळत नाही. तिथून महात्मा फुले मंडई जवळ. १८८६ सालची ही अष्टकोनी दगडी इमारत माझ्या लेकीची सर्वात लाडकी जागा आहे. भाजीवाल्या मावशी मुलांना हाक मारतात. "काय गं, काय पायजे तुला? गाजर घेती का?" तिने तिथे लाल भोपळा, सुरण, हरभऱ्याची जुडी बघितली आणि रंगांची नावं तिथेच शिकली. जाताना पावशेर काहीतरी विकत घ्या आणि पैसे मुलाच्या हाताने द्या.

भूक लागली तर डेक्कन, फर्ग्युसन रस्ता भागातल्या उपाहारगृहांत साधी इडली मागा, सांबार वेगळं, चटणी नको. रविवारी सकाळी तिथे नंबर लागायला वेळ लागतो. तेवढा वेळ भुकेलं मूल थांबत नाही, म्हणून कामाच्या दिवशी जा.

गर्दीच्या कुठल्याही ठिकाणी निघण्याआधी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढा आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. मूल दिसेनासं झालं तर एकाने हरवलेल्या जागी थांबायचं, दुसऱ्याने शोधायचं, आणि लगेच ११२ वर फोन करायचा. मुलांसाठीचा १०९८ हाही नंबर जवळ असू द्या.

गणपतीत मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, मुलाला दाखवायचे असतील तर पहिल्या तीन-चार दिवसांत, सकाळी आठच्या आत. त्या वेळी आरती, उदबत्तीचा वास आणि शांतता असते. ढोल-ताशाची पथकं जवळून ऐकवू नका. लहान कानांना तो आवाज सोसत नाही. मुलाने स्वतः कानांवर हात ठेवले की तिथून निघा. विसर्जनाची मिरवणूक घरी टीव्हीवर. ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा मात्र एखाद्या रस्त्याच्या कडेला सकाळी जरूर उभे राहा. वारकऱ्यांसाठी केळी घेऊन जा, मुलाला वाटू द्या.

सहावी पायरी: अर्धा दिवस, शहराबाहेर

हे मूल अडीच वर्षांचं झाल्यावर. सिंहगडावर गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पुढे पुणे दरवाजापर्यंत दगडी चढ. मुलाला थोडं चालवा, थोडं झोळीत घ्या. वर मडक्यातलं दही आणि भाकरीचा कुस्करा मुलाला देता येतो, पिठलं तिखट असतं. तटाच्या कडेला हात सोडायचा नाही. मुसळधार पावसात घाटात दरडी पडतात, अशा दिवशी जाऊ नका. खडकवासल्याला धरणाचं पाणी लांबूनच दाखवा, पाण्यात पाय बुडवायलासुद्धा उतरू नका. काठ घसरडा आहे आणि दर वर्षी तिथे माणसं बुडतात.

घरून सहाला निघा, मूल झोपेतच गाडीत ठेवा, सातला गडावर उठवा. नऊपर्यंत दही-भाकरी उरकून साडेनऊला उतरायला लागा. त्यानंतर खालून गाड्यांची रांग सुरू होते आणि पायथ्याला पोचायलाच तास जातो. आम्ही शेवटचं गेलो तेव्हा अकराला घरी होतो, आणि लेक जिना चढता चढताच माझ्या खांद्यावर झोपली होती.